प्रोब लेबर रूममध्ये हवा



  अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी आपल्या भूलशास्त्र शाखेतल्या वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यायला हवा. तो स्मरणिकेत छापला आहे, तिथे वाचा. माझा वेळ मी एकाच गोष्टीला देणार आहे. भूल देण्याआधी गरोदर बाईच्या जठरात काय आहे, हे आपण अजूनही पाहत का नाही?

डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली न्यूयॉर्कमधल्या ४४,०१६ प्रसूतींचा अभ्यास मांडला. ६६ जणींच्या श्वासमार्गात जठरातलं उतरलं होतं. दोघी दगावल्या, दोघीही अन्नाच्या घासाने गुदमरून. त्यानंतर उपास आला, अँटासिड आलं, अन्ननलिका दाबून धरणारं क्रिकॉइड प्रेशर आलं, सिझरसाठी कमरेखालचं अंग बधिर करणारं स्पायनल रुळलं. तरी सगळा डोलारा अजून एका प्रश्नावर उभा आहे: ‘ताई, शेवटचं कधी खाल्लं?’

एका तालुक्याच्या रुग्णालयात दुपारी सिझरसाठी बाई आली. स्पायनल अर्धवट चढलं होतं. सर्जन म्हणाले, पूर्ण भूल द्या, पहाटेपासून उपाशी आहे. मी बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात मधोमध सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. यकृताच्या डाव्या खंडाखाली अँट्रम, म्हणजे जठराचं खालचं टोक, तटतटलेलं, आत घट्ट अन्न. बाळाचे ठोके चांगले होते, वेळ होता. स्पायनल पुन्हा दिलं. नंतर सासूबाई म्हणाल्या, “पहाटे तूपभात भरवला, कळा द्यायला ताकद नको का?” खोटं कोणीच बोललं नव्हतं. घड्याळाप्रमाणे आठ तास उलटून गेले होते. पण कळांमध्ये जठर मंदावतं, त्यात वेदनाशामक ओपिऑइड पडलं की आणखीच. घड्याळाला हे कुठून कळणार?

काही सहकारी म्हणतात, दिवस भरलेली प्रत्येक बाई भरल्या पोटाचीच समजायची, मग पाहायचं कशाला? अहो, समजणं वेगळं आणि दिसणं वेगळं. एक्लॅम्प्सियाची बाई येते, प्लेटलेट्स घसरलेल्या, स्पायनल देता येत नाही. जठर गच्च भरलेलं दिसलं तर आधी नळी टाकून ते रिकामं करायचं की नाही, हा निर्णय आपण डोळस होऊन घेतो. रिकामं दिसलं तरी माझी रॅपिड सीक्वेन्स, म्हणजे झटपट भूल देऊन लगेच श्वासनळीत नळी घालणं, सुटत नाही. बाळाचे ठोके घसरत असतील तर मशीनला हातही लावू नका.

दुसरे सहकारी सूत्रांवर भांडतात. अँट्रमच्या क्षेत्रफळावरून किती मिलिलिटर, किलोमागे दीड ही मर्यादा गरोदरपणात लागू होते का, वगैरे. त्यांचं भांडण विद्वत्तेचं आहे, चालू द्या. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय जठराला वर ढकलतं, चित्र मिळवायलाच हात बसावा लागतो. बाईला पाठीशी उंच करून उजव्या कुशीवर वळवा आणि तीन गोष्टी ओळखा: रिकामं, पातळ की घट्ट. रात्री दोन वाजता मला एवढंच हवं असतं, आणि आजवर एवढ्यावरच माझे निर्णय झाले आहेत.

मग अडतं कुठे? सोनोग्राफी मशीन कायद्याच्या धाकाने ज्या कपाटात बंद असतं, त्याच्या कुलपात. ‘सर, गरोदर बाईवर प्रोब ठेवू नका, चौकशी लागेल,’ हे मी कितीदा ऐकलं आहे! महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला. केंद्राचा १९९४ साली आला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. तेव्हा कायदा ढिला करा असं मी कदापि म्हणणार नाही. तोच प्रोब वीतभर खाली सरकवला की काय दिसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण गरोदर बाईची सोनोग्राफी कोणी करायची, हे सांगताना नियमांत स्त्रीरोगतज्ज्ञ येतात, रेडिओलॉजिस्ट येतात. आपला, भूलतज्ज्ञांचा, स्वतंत्र उल्लेख नाही. तो व्हावा. प्रसूतीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नोंदणी झालेलं, जागचं न हलणारं मशीन असावं. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा फॉर्म एफ आपण स्वतः भरू, चित्र जपून ठेवू, तपासायला कोणीही येवो. मात्र मशीन नको म्हणून बाईचा जीव टांगणीला लावणं मला मान्य नाही. कायदा बायकांसाठीच झाला ना?

आपल्या संघटनेने आजवर यावर एक ठरावही केलेला नाही. मी गेली अनेक वर्षं कार्यकारिणीत हे बोलतो आहे, आणि विषय दर वेळी ‘पुढच्या बैठकीत’ जातो. या वर्षी जाणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि रेडिओलॉजिस्टना सोबत घेऊन आरोग्य खात्याला निवेदन द्यायचं आहे, त्यासाठी एक छोटी समिती नेमू. प्रशिक्षणाचंही काहीतरी ठरवावं लागेल. तपशील कार्यकारिणी पाहील.

उद्या सकाळी कार्यशाळा आहे. कायद्याचा मान राखून गरोदर बायका नाहीत, आपलेच तीन निवासी डॉक्टर झोपतील: एक उपाशी, एक पाणी प्यायलेला, एक पोहे खाल्लेला. कोण कोणता हे कोणीही सांगणार नाही. प्रोब लावा आणि ओळखा.