प्रार्थनेच्या वेळची चापट

आमच्या घरात भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात, तेव्हा तुम्हांला सलाम. एरवी मी इथे हप्ते, कर्जफेड आणि वह्या यांवर बोलते. आज घरातलं बोलणार आहे, आणि माझीच चूक सांगणार आहे.

माझा धाकटा अडीच वर्षांचा. आमचं घर ख्रिस्ती. नगर जिल्ह्यात आमच्यासारखी घरं गावोगाव आहेत, तुमच्या गटातही एखादी ताई असेल. रात्री जेवणाआधी आम्ही सगळे चटईवर बसतो. सासूबाई गाणं म्हणतात, मुलांचे पप्पा शास्त्रातलं थोडं वाचतात, मग डोळे मिटून प्रार्थना. मोठी मुलगी गपचूप बसते. धाकटा कसला बसतोय! त्या रात्री तो उठला, टोपल्यातली भाकरी ओढली, मग आजीचा पदर ओढला. मी तीन गावांच्या बैठका करून आले होते. घरात नणंद आणि तिचे मालक पाहुणे. मी डोळे न उघडताच हात लांब केला आणि त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. क्षणभर आवाजच नाही. मग तो असा रडला, की त्या दिवशीची प्रार्थना ‘आमेन’ न म्हणताच संपली.

दुसऱ्या दिवशी चटई अंथरली आणि पोरगं गायब. शोधलं तर धान्याच्या कोठीमागे बसलेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. बायांनो, मला त्याला देवाजवळ बसायला शिकवायचं होतं. तो चटईला घाबरायला शिकला.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, छडी आवरली की पोरं बिघडतात, शास्त्रातच आहे.” आहे खरं, नीतिसूत्रांत. मीही तेच ऐकत आणि तेच खात वाढले. तरी मन लागेना, म्हणून रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तिथे छडीसाठी जो मूळ इब्री शब्द आहे, तोच शब्द तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातातल्या काठीसाठी आहे. आणि तिथे त्या काठीने मेंढराला धीर येतो.

मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होते. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवतात, तेव्हा धनगरदादाची काठी बघा. तिने तो बाभळीच्या शेंगा पाडतो, लांडगं-कुत्रं हाकलतो, कळप रस्त्यावर जाऊ लागला की आडवी धरतो. दिवसभर मेंढरांना झोडपत बसला, तर ती त्याच्या हाकेला येतील का? आणि नुकतं जन्मलेलं कोकरू तर तो उचलूनच चालतो.

त्या वचनाचा अर्थ मारणं असाच आहे, असं मानणारे आमच्यात आहेत. ते काही वाईट आईबाप नाहीत. पण इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बापांना बजावलंय, की मुलांना चिडीला आणू नका. ते मात्र कुणी पाहुण्यांसमोर म्हणून दाखवत नाही. आणि लोक लेकरं घेऊन येशूकडे आले, तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावलं. येशू रागावला तो शिष्यांवर. लेकरांना त्याने कवेत घेतलं. शिष्यांना वाटलं असेल, पोरं कार्यक्रम बिघडवतात. त्या रात्री मलाही नेमकं तेच वाटलं होतं.

मग आम्ही बदल केला. आधी त्याला भाकरी-दूध, नंतर प्रार्थना. भुकेलं पोर कसं बसेल, हे मला आधी सुचायला हवं होतं. चटई आणायचं काम त्याचं. बसायचं माझ्या मांडीवर. प्रार्थना आटोपशीर, आणि शेवटी मोठ्याने ‘आमेन’ तो म्हणणार. कधी कधी तो मध्येच म्हणतो, मग तिथेच संपवावी लागते. पण सगळ्यांत आधी मी त्याच्याजवळ खाली बसून म्हटलं, “मम्मीने मारलं. मम्मीचं चुकलं.” अडीच वर्षांच्या पोराला काय कळतं, असं म्हणाल. अहो, भीती कळते ना त्याला? मग हेही कळतं. तरी चटईवर परत यायला त्याने आठ-दहा दिवस घेतले.

याचा अर्थ पोराला मोकाट सोडायचं असा नाही. चूल, विहीर, फवारणीच्या औषधाचा डबा, इथे ‘नाही’ म्हणजे नाही. उचलते, बाजूला नेते. रडला तर रडू देते, पण जवळ बसून राहते. मागे गटाच्या बैठकीत त्याने इतिवृत्ताची वही धरली आणि फाडायलाच निघाला. मी वही काढून घेतली, त्याला बाहेर पायरीवर घेऊन बसले. म्हटलं, “तुला वही पाहिजे होती, राग आला. पण फाडायची नाही.” दहा मिनिटं गेली. एक मावशी म्हणाल्या, “एक रपाटा दिला असतास तर मिनिटात काम झालं असतं.” खरं आहे, मिनिटात झालं असतं. मी नसताना मात्र त्याने ती वही फाडली असती. या वयात स्वतःला आवरण्याची ताकद अजून तयारच झालेली नसते. आपण त्याला हट्ट म्हणतो. बऱ्याचदा ती भूक असते, नाहीतर झोप.

आणखी एक. ‘डॉक्टर सुई देईल’, ‘पोलीस नेईल’ हे आपण सगळ्याच म्हणतो. त्यात देवालाही ओढतो. ‘येशू बघतोय हं’ किंवा ‘देवबाप्पा कान कापेल’, घर कुठल्याही धर्माचं असो. ज्याच्यापुढे पोराने उद्या मन मोकळं करावं असं वाटतं, त्याचाच बागुलबुवा का करायचा? शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली. घरात गुरुजीही आपणच आणि साहेबही आपणच, मग विचारणार कोण?

मी अजून ओरडते. मागच्या आठवड्यात टँकर आला नाही, त्याचा राग मी पोरांवर काढला. हात उचलला नाही, एवढंच. सासूबाईंचं म्हणणं अजून तेच, की मी लाडावून ठेवलाय. पण परवा रविवारी तो देवळात बाकांमधून पळायला लागला. मी उठायच्या आत त्याच उठल्या, त्याला कडेवर घेतलं आणि घंटा दाखवायला बाहेर घेऊन गेल्या. प्रवचन संपेपर्यंत दोघं तिकडेच होते.

बरं, येते मी. सलाम.