बंड्याचे हृदय

आज मी आपल्याशी कुत्र्याच्या हृदयाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काही मंडळी हसतील. म्हणतील, इथे माणसांच्या औषधपाण्याची मारामार, तिथे कुत्र्याच्या हृदयाची चौकशी कुणी करावी? पण ज्यांच्या खळ्यावर किंवा ओटीवर एखादा इमानी जीव वर्षानुवर्षे राखण करीत बसला आहे, ते हसणार नाहीत. मी पशुवैद्य नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवणारा माणूस. आज सांगणार आहे त्यातले काही डॉक्टरांनी शिकवले, आणि उरलेले आमच्या बंड्याने.

बंड्या म्हणजे पांढरा, केसाळ, बुटका कुत्रा. आमच्या डोंबिवलीत असे पुष्कळ दिसतात. इमारत जुनी, तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. संध्याकाळी मी ठाण्याहून लोकलने परत आलो, की माझी चाहूल ओळखून हा तिसऱ्या मजल्यावरून धाडधाड खाली येई, आणि माझ्या आधी पुन्हा वर जाऊन दारात उभा! नऊ वर्षांत त्याला स्वस्थ बसलेला मी फक्त झोपेत पाहिला.

एके दिवशी तो वर जाताना दुसऱ्या मजल्यावरच थांबला. घशात काटा अडकावा तसा खोकला, आणि पुन्हा पळाला. आम्हांला वाटलं, घसा धरला असेल. पंधरा दिवस तसेच गेले. मग डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "सर, घसा ठीक आहे. हृदयात मर्मर ऐकू येते आहे. फोटो आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ."

ही मर्मर म्हणजे काय? ठाणे-रायगडकडच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांना ते चटकन् समजेल. खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. भरती आली, की मिटते आणि खारे पाणी आत येऊ देत नाही. उघाडीची फळी झिजली, तर भरतीचे पाणी फटीतून परत शेतात शिरते. हृदयातही अशाच झडपा आहेत. लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात डावीकडची झडप जाड होते, नीट मिटत नाही, आणि पुढे ढकललेले रक्त थोडे मागे येते. त्या मागे येणाऱ्या रक्ताचा आवाज म्हणजे मर्मर. तेच रक्त पुन्हा ढकलता ढकलता हृदय मोठे होते, श्वासनलिकेला टेकते, आणि खोकला येतो. कुत्र्यांच्या हृदयविकारांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो. मोठ्या चणीच्या, डॉबरमनसारख्या कुत्र्यांत गोष्ट वेगळी असते. तिथे झडपेऐवजी हृदयाचा स्नायूच दुबळा होतो.

घरी येताच आमची सभा भरली. आई म्हणाली, "अरे, बांधून ठेव त्याला. उगाच पळून जीव द्यायचा." मलाही ते पटले. आम्ही त्याला गॅलरीत साखळीने बांधला. झाले! दूधवाला आला, हा उड्या मारी. शेजारी दार वाजले, हा साखळीला हिसके देई. दिवसभर भुंकून भुंकून तोंडाला फेस. चार दिवसांनी डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "सर, पळण्याने जेवढे दमला नसता, तेवढे तुम्ही त्याला बांधून दमवलेत. त्याला चालवा. पळवू नका."

श्रोतेहो, साऱ्या विषयाचे सार या दोन वाक्यांत आहे. दमलो म्हणजे थांबावे, हे माणसाला कळते. हौशी कुत्र्याला ते कळत नाही. चेंडू दिसला, की छाती फुटेपर्यंत तो धावेल. कारण तुम्ही फेकला आहे ना! तेव्हा थांबायचे कधी, हे आपण ठरवायचे. पण जगणेच थांबवायचे नाही.

मग आम्ही घरची रीत बदलली. सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि रात्री जेवणानंतर सपाट रस्त्यावर सावकाश फेरी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग निववतो. आपल्या दमट हवेत ते नीट साधत नाही, म्हणून भर दुपारचे फिरणे बंद. मानेचा पट्टा काढून छातीभोवती बसणारा हार्नेस आणला, कारण मानेला हिसका बसला की खोकला वाढतो. जिना उचलून चढायचा. चेंडू कपाटात गेला, आणि त्याऐवजी खाऊचे तुकडे घरात लपवून हुंगून शोधण्याचा खेळ आला. त्यात डोके दमते, छाती दमत नाही. आणि मी घरी आलो, की दार उघडताच त्याचे नाव घेत नाही; तो शांत झाल्यावर खाली बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत जड गेली.

खाण्याचे म्हणाल तर पापड, लोणचे, फरसाण, खारी बिस्किटे बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवते. मिठावरून एक जुनी हकीगत आठवते. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयातली वीज प्रथम टिपली. १९०९ साली त्यांनी रॉयल सोसायटीत आपला जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पाय ठेवून उभा केला आणि त्याच्या हृदयाचे ठोके लोकांना दाखवले. हा छळ आहे, अशी ओरड होऊन पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. उत्तर मिळाले, की पाण्यात मीठच आहे. कुत्र्याला त्रास नाही. आज आपण दवाखान्यात जो कार्डिओग्राम काढतो, त्याच्या इतिहासात असा एक कुत्राही उभा आहे. जिमीला मीठ पायाशी चालले. बंड्याला पोटात चालत नाही, एवढाच फरक.

आता औषधांविषयी. मर्मर आहे पण हृदय वाढलेले नाही, तर पुष्कळदा औषध लागतही नाही. वेळोवेळी तपासणी पुरते. हृदय वाढले असेल, तर पिमोबेंडान नावाचे औषध देतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३६० कुत्र्यांच्या अभ्यासात, झडपेचा आजार होऊन हृदय वाढलेल्या पण अजून धाप न लागलेल्या कुत्र्यांचे बरे दिवस या औषधाने सुमारे पंधरा महिन्यांनी लांबले. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत. फुप्फुसात पाणी साचले, तर लघवीवाटे पाणी काढणारे औषध लागते. ते चालू असताना पिण्याचे पाणी कधीही तोडू नका. घरातल्या माणसाच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. आणि बरे दिसते म्हणून औषध मनाने थांबवू नका.

शिक्षकमंडळींनी पुढची गोष्ट मुलांना जरूर शिकवावी. कुत्रा गाढ झोपला असताना त्याची छाती किती वेळा वरखाली होते, ते घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजायचे आणि दुपटीने घ्यायचे. बहुधा हा आकडा मिनिटाला तीसच्या आत असतो. धापा टाकताना किंवा स्वप्नात पाय झाडताना मोजू नये. आमची धाकटी मुलगी सातवीत आहे. रोज रात्री ती वहीत आकडा मांडू लागली. बावीस, चोवीस, एकवीस.

दिवाळी आली. पहाटे फडके रोडवर तरुणांची गर्दी, रात्री फटाके. बंड्या पलंगाखाली थरथरत होता. दुसऱ्या रात्री मुलगी म्हणाली, "बाबा, आज अडतीस." मी म्हणालो, पुन्हा मोज. तिने मोजले. चाळीस. बंड्या तर शेपटी हलवीत होता, खाल्लेही होते त्याने! मुलीची वही नसती, तर मी सकाळपर्यंत थांबलो असतो. तसेच रिक्षाने दवाखाना गाठला. फुप्फुसात पाणी उतरू लागले होते. इंजेक्शन दिले, प्राणवायू लावला, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी रिक्षातून उतरला. जिना मात्र मी उचलूनच चढवला.

म्हणून लक्षात ठेवा: झोपेतला श्वास तीसच्या वर जाऊन तसाच राहिला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. बसूनही धाप, जीभ किंवा हिरड्या निळसर, भोवळ येऊन पडणे, यांपैकी काही दिसले तर घटकाभरही थांबू नका. पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

मुरबाड-शहापूरकडच्या आणि गावोगावच्या श्रोत्यांना एक विनंती. शेतात डुकरांमागे धावणारा तुमचा कुत्रा अलीकडे मागे राहतो, पोट सुटल्यासारखे दिसते, तर 'चुकार झाला' म्हणून त्याला हाकलू नका. तो आळसावला नसेल, आजारी असेल. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात एकदा छातीला नळी लावून घ्या. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

बंड्या बरा झालेला नाही. झिजलेली झडप गोळीने नवी होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले आहे. पण काल रात्रीचा आकडा चोवीस होता. आपल्याला आजार आहे, हे त्याला ठाऊक नाही; दार वाजले की अजून त्याला वाटते, धावावे. त्याचे हे अज्ञान त्याच्यापाशी सुखाने राहू द्यावे, आणि जाणण्याचे काम आपण करावे. नऊ वर्षे त्याने आमचे दार राखले. आता त्याचा श्वास आम्ही राखतो आहोत.