पुरावा कुठे आहे?

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

आईवडलांच्या कष्टांचं चीज झालं, याचा आनंद समोर बसलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर दिसतो आहे. मला इथे इतिहासाचा शिक्षक म्हणून बोलावलं आहे, तेव्हा मी माझ्या धंद्याबद्दल बोलेन.

शिक्षक होण्याआधी काही वर्षं मी एका संदर्भग्रंथाच्या संपादकीय कचेरीत होतो. नोंदी लिहायच्या, दुसऱ्यांच्या तपासायच्या, प्रुफं वाचायची. तिथे माझ्या वाट्याला एक नोंद आली : मुहंमद पैगंबरांकडे मुस्लिमेतर विचारवंतांनी कसं पाहिलं. वय लहान होतं, हुरूप होता. जीव ओतून नोंद लिहिली. वरिष्ठांनी ती लाल शाईचा एकच शेरा मारून परत पाठवली : टीकेचा भाग काढावा, गौरवाचा ठेवावा. का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, उगाच वाद नको. पुढे दुसऱ्या एका प्रकाशकाने तोच विषय मागितला आणि नेमकं उलटं सांगितलं. कौतुक गाळा, टीका तेवढी द्या, पुस्तक खपेल. दोन्ही वेळा मी लेखन मागे घेतलं. त्याचा सल अजून गेलेला नाही. माझं लेखन छापलं गेलं नाही याचं दुःख केव्हाच विरलं. पण त्या दोघांपैकी एकानेही मला मूळ पुस्तक दाखवायला सांगितलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

या विषयावरच्या छोट्या पुस्तिका तुम्ही पाहिल्या असतील. ईद-ए-मिलादच्या सुमाराला वाटल्या जातात. त्यांत ब्रिटिश विचारवंत कार्लाइल असतो, फ्रेंच कवी लामार्तिन असतो, गांधीजी असतात, आणि १९७८ साली जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत पैगंबरांना पहिला क्रमांक देणारा मायकेल हार्ट असतो. हार्टने प्रभाव मोजला होता, थोरवी नव्हे, हे त्याने स्वतःच बजावून ठेवलं आहे. ते पुस्तिकेत येत नाही. उलट बाजूने निघणाऱ्या पत्रकांत फ्रेंच लेखक व्होल्तेअर असतो, म्यूर असतो, पैगंबरांना नरकात दाखवणारा दान्ते असतो. दोन्हीकडची वाक्यं पुष्कळदा खरी असतात. पण त्यांच्या मागचंपुढचं सगळं कापलेलं असतं.

कार्लाइलचंच घ्या. ८ मे १८४० रोजी लंडनमध्ये त्याने वीरपुरुषांवरच्या मालिकेतलं दुसरं व्याख्यान दिलं, ते प्रेषित मुहंमदांवर. त्या काळच्या इंग्लंडात पैगंबरांना ढोंगी म्हणणं हाच शिष्टाचार होता. कार्लाइलने तो भर सभेत मोडला. शतकानुशतकं टिकणारं काही खोट्या माणसाच्या हातून उभं राहत नाही, हा त्याचा मुद्दा. इथपर्यंत पुस्तिकेत सापडतं. त्याच व्याख्यानात तो सांगतो की हे प्रेषित आपण निवडले ते सर्वांत थोर म्हणून नव्हे, तर त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलता येईल म्हणून. श्रोत्यांपैकी कुणी मुसलमान होईल अशी धास्ती नाही. कुराण वाचताना आपल्याला अतोनात कष्ट पडले, हेही तो सांगतो. त्याच्या हाती होतं जॉर्ज सेलचं १७३४चं इंग्रजी भाषांतर. मला हा पूर्ण कार्लाइल मोलाचा वाटतो. ग्रंथ जड गेला तरी त्याने तो वाचला, आणि मन रमलं नाही तरी त्यामागच्या माणसाचा सच्चेपणा ओळखला. हाच कार्लाइल १८४९ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या मुक्त झालेल्या काळ्या गुलामांबद्दल अत्यंत हिणकस लेख लिहितो, तेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं. एका ठिकाणी माणूस ओळखणारी नजर दुसऱ्या ठिकाणी आंधळी असू शकते.

त्याच व्याख्यानात एक किस्सा ओझरता येतो. माझ्या साऱ्या नोकरीत मला त्याने साथ दिली, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. युरोपात जुनी दंतकथा होती की पैगंबरांनी एक कबुतर शिकवून ठेवलं होतं. ते कानातले दाणे टिपायला खांद्यावर बसे आणि लोकांना वाटे देवदूत कानात सांगतो आहे. पिढ्यानपिढ्या पंडितांनी ही गोष्ट लिहिली, वाचली, पुन्हा लिहिली. ह्यूगो ग्रोशियस हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक मानला जाणारा डच विद्वान. ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेवरच्या त्याच्या लॅटिन ग्रंथातही ती होती. त्या ग्रंथाचं अरबी भाषांतर करायला घेतलं एडवर्ड पोकॉकने. पोकॉक १६३०च्या दशकात अलेप्पोमध्ये इंग्रज व्यापाऱ्यांचा पाद्री होता. तिथे तो अरबी शिकला, हस्तलिखितं जमवली आणि १६३६ मध्ये ऑक्सफर्डच्या नव्या अरबी अध्यासनावर बसला. त्याने ग्रोशियसला सरळ विचारलं : या कबुतराचा पुरावा कुठे आहे? ग्रोशियसला कबूल करावं लागलं की पुरावा नाही. १६६० मध्ये भाषांतर छापलं, त्यात कबुतर नव्हतं.

लक्षात घ्या, पोकॉक पैगंबरांचा चाहता नव्हता. चर्चचा माणूस होता. ते भाषांतर तर मुसलमानांनी वाचून ख्रिस्ती व्हावं म्हणूनच केलेलं. तरीसुद्धा आपल्याच बाजूच्या, आपल्याहून नामांकित माणसाला त्याने पुरावा मागितला. आपल्या विरोधकाबद्दल आपल्याच माणसाने सांगितलेलं असत्य खोडणं याला फार बळ लागतं. चाळीस लोकांच्या सभेत ते करून बघा.

पोकॉकनंतरही हे चित्र सुधारलं नाही. १६९७ मध्ये हम्फ्री प्रिडोने पैगंबरांचं चरित्र लिहिलं, त्याच्या नावातच ‘ढोंग’ हा शब्द होता. पण प्रिडोचं भांडण अरबस्तानाशी नव्हतं. इंग्लंडात चर्चला न जुमानणारे जे देववादी निघाले होते, त्यांना सुनावण्यासाठी त्याने अरबस्तानातलं चरित्र हाती घेतलं. व्होल्तेअरने नेमकी उलटी चाल खेळली. त्याचं ‘महोमेत’ नाटक १७४१ मध्ये लील शहरात रंगमंचावर आलं, पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये. तिथे तीन प्रयोगांनंतर ते काढून घ्यावं लागलं. नाटकातला प्रेषित खुनी आणि कपटी आहे, कथानक तर मनचंच. पॅरिसमधल्या धर्मनिष्ठांना मात्र लगेच कळलं की हा बाण आपल्यावर आहे. व्होल्तेअरने नाटक चक्क पोपला अर्पण केलं, आणि पोप चौदाव्या बेनेडिक्टने सौजन्याने पत्रही धाडलं. पुढे इतिहास लिहायला बसला तेव्हा हाच व्होल्तेअर पैगंबरांबद्दल बराच निवळला. ज्या जर्मन कवी गटेने तरुणपणी पैगंबरांना नदीची उपमा देऊन कविता लिहिली, त्याच गटेला वायमारच्या ड्यूकच्या इच्छेखातर या नाटकाचा जर्मन अनुवाद करावा लागला. १८०८ साली एरफुर्टला नेपोलियन भेटला तेव्हा तो गटेला म्हणाला की हे नाटक चांगलं नाही. सेनापतीला जे दिसलं ते पुष्कळ समीक्षकांना दिसलं नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक सवय लावायचा प्रयत्न केला. परक्या धर्माच्या महापुरुषावर कुणी लिहिलेलं वाचाल तेव्हा आधी विचारा, हा लेखक त्या वेळी स्वतःच्या गावात कुणाशी भांडत होता?

विल्यम म्यूरची गोष्ट जरा वेगळी. वायव्य प्रांतातला हा वरिष्ठ इंग्रज अधिकारी. मिशनऱ्यांच्या आग्रहावरून त्याने पैगंबरांचं चार खंडी चरित्र लिहिलं, १८५८ ते १८६१. हेतू उघड होता. निष्कर्ष अनेक ठिकाणी कडवट आहेत. पण तो जुन्या अरबी चरित्रकारांकडे गेला होता, इब्न हिशाम, इब्न साद, तबरी. अशा पुस्तकाला शिव्या देऊन उत्तर होत नाही, हे सर सय्यद अहमद खान यांनी ओळखलं. १८६९ मध्ये ते लंडनला गेले, ग्रंथालयांत बसून मूळ साधनं धुंडाळली, छपाईसाठी कर्ज काढायची आणि घरदार विकायची तयारी ठेवली, आणि १८७० मध्ये इंग्रजीत निबंध छापून म्यूरच्या आधारांना आधारांनीच उत्तर दिलं. सत्तावन्नच्या राखेतून नुकत्याच उठलेल्या समाजातला हा माणूस. ज्या प्रांतात तो नोकरी करत होता त्याचा नायब गव्हर्नर तेव्हा म्यूरच होता. मला विचाराल तर एकोणिसाव्या शतकातला हा सर्वांत उमदा वाद आहे.

आता आजचं सांगतो. एका विद्यापीठाने मला प्रबंध तपासायला पाठवला. तळटिपांत म्यूरचे खंड, पृष्ठांकांसह. एक पृष्ठांक मला खटकला, कारण त्या खंडात तेवढी पानंच नाहीत. तोच अशक्य आकडा माझ्या कपाटातल्या एका मराठी पुस्तिकेत होता. तिथे तो मुद्रणदोष होता. म्हणजे उमेदवाराने म्यूर उघडलाच नव्हता. पुस्तिकेतली तळटीप उचलली, आणि चूकही बरोबर आली. मी प्रबंध दुरुस्तीला परत पाठवला. विद्यापीठाने दुसरा परीक्षक नेमला आणि पदवी दिली. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला मार्गदर्शक होता, समिती होती, मौखिक परीक्षा होती. एकानेही ग्रंथालयाच्या पायऱ्या चढायचे कष्ट घेतले नाहीत. हल्ली यंत्रातून चोरीची टक्केवारी छापून येते आणि ती कमी आली की सगळे निर्धास्त होतात. तळटिपेतलं पान खरोखर अस्तित्वात आहे का, हे कुणी विचारत नाही. मित्रहो, यापुढे तर माहिती एका बोटावर मिळणार आहे, आणि खोट्या पृष्ठांकांची पैदास कैक पटींनी वाढणार आहे.

दुसरी तक्रार त्याहून जुनी. ज्या महाविद्यालयात मी शिकलो तिथे फारसीचे एक प्राध्यापक होते. दुपारी तास संपला की ते आदिलशाहीतलं फर्मान टेबलावर पसरायचे आणि तुघऱ्यावर, म्हणजे नावाच्या नक्षीदार मुद्रेवर, बोट ठेवून वळणं उलगडून दाखवायचे, आधी कोणती अक्षरं पाहायची, नाव कुठे दडलंय. ते निवृत्त झाले, जागा भरली नाही, नंतर ती जागाच रद्द झाली. बहमनी, निजामशाही, आदिलशाहीची कागदपत्रं ज्या भाषेत आहेत ती भाषा शिकवायला माणूस नाही, आणि इतिहासावर मोर्चे मात्र रोज निघतात.

आपल्याकडची परंपरा अशी न वाचता बोलण्याची नव्हती. जोतीराव फुल्यांची शाळा लहानपणी सुटली होती. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजितसाहेब यांनी वडलांची समजूत घातली, म्हणून ते पुन्हा शाळेत गेले. पुढे याच जोतीरावांनी ‘मानव महंमद’ ही कविता रचली. त्यांचं भांडण इथल्या जातिभेदाशी होतं, हे उघड आहे, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी एक घर कल्पिलं आहे : बाई बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा हेवा न करता नांदतात. त्या घरातल्या प्रत्येकाने आधी पुस्तक वाचलेलं आहे, इकडे तुमचं लक्ष वेधतो.

बंगालमधले गिरीशचंद्र सेन हे ब्राह्मो समाजाचे. समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांच्याकडे इस्लामचा अभ्यास सोपवला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. अरबीसाठी लखनौला गेले, आणि १८८१ ते १८८६ या काळात कुराणाचा बंगाली अनुवाद पुरा केला. विनोबांनी वर्ध्याला कुराण अभ्यासलं ते अरबीतून. मौलाना आझादांनी त्यांचं पठण ऐकलं आणि उच्चारांना दाद दिली. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’त पैगंबरांचं चरित्र मराठी मुलामाणसांसाठी लिहिलं. यांतल्या कुणीही धर्म बदलला नाही.

आणि गांधीजी. पुस्तिकांत हमखास छापलं जाणारं त्यांचं अवतरण १९२४च्या ‘यंग इंडिया’तलं आहे. ते खरं आहे. पण ते कुठून आलं? गांधीजी तेव्हा नुकतेच तुरुंगातून सुटले होते आणि येरवड्यात काय काय वाचलं याचा वृत्तान्त लिहीत होते. तिथे त्यांनी मौलाना शिबलींचे पैगंबर-चरित्राचे जाडजूड उर्दू खंड वाचले होते. तरुणपणी त्यांनी कार्लाइल वाचला होता, दक्षिण आफ्रिकेत वॉशिंग्टन आयर्विंगचं चरित्र वाचलं होतं. इतक्यावर थांबून मत देता आलं असतं. पन्नाशी उलटलेल्या कैद्याने मुसलमान विद्वानाने मुसलमान वाचकांसाठी लिहिलेलं पुस्तक त्यांच्याच भाषेत वाचलं, आणि मग लिहिलं. पुस्तिकांत अवतरण राहिलं. येरवडा गेला, शिबली गेले.

तुमच्यातले काही शिक्षक होतील, काही वर्तमानपत्रांत जातील, काही फोनवरून आलेला मजकूर पुढे पाठवतील. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाविषयी स्तुतीचं वाक्य असो की निंदेचं, ते पुढे धाडण्याआधी पोकॉकचा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते वाक्य तुमच्यापाशीच थांबू द्या. मी हे विनवून सांगतो आहे, कारण अशा एका कापलेल्या वाक्यापायी गल्ल्या पेटलेल्या मी पाहिल्या आहेत.

कुलगुरू महोदय, आपण व्यासपीठावर आहात म्हणून आपल्याकडे मागतो. फारसी आणि अरबीची एकेक जागा आपल्या विद्यापीठात निर्माण करा. पहिल्या वर्षी दोनच विद्यार्थी आले तरी तो वर्ग चालवा. माझ्या संग्रहातले कोश आणि व्याकरणं मी त्या वर्गाला द्यायला तयार आहे. पेट्या कधी पाठवू, तेवढं कळवा.