घाट उतरण्यापूर्वी पुढचे चाक

महाड-पोलादपूरच्या माणसाला घाट चुकत नाही. पोलादपूरहून पूर्वेला वळलात की आंबेनळी. महाडहून भोरकडे निघालात की वरंध. कशेडीला बोगदा झाला खरा, पण हे दोन घाट वळणावळणाचेच राहिले आहेत. आणि आपल्यातले कितीतरी शिक्षक मोटारसायकलवरून शाळा गाठतात. म्हणून आज पुढच्या चाकाविषयी बोलणार आहे. हा माझा विषय नव्हे. पण हात काळे करून जे कळले ते सांगतो.

महाबळेश्वराहून पोलादपूरला येताना गाडी सुमारे ४० किलोमीटरांत बाराशे मीटरांहून अधिक खाली येते. पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याने मला हिशेब करून दाखवला: गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून ३०० किलो धरले, तर या उतरणीत बारा लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता निघते! थोडा भार वारा घेतो, गिअर खाली ठेवलात तर इंजिनही घेते. उरलेला सगळा ब्रेकवर.

जुलै २०२१ च्या महापुरात माझी गाडी रात्रभर पाण्यात होती. पुढे ब्रेक करकरू लागला, तेव्हा मी घरीच लायनर बदलले आणि मोठ्या ऐटीत दिवाळीत आंबेनळी चढलो. उतरताना हँडल थरथरू लागले. पुराच्या गाळाने बेअरिंगमधले ग्रीस खाल्ले होते. चाक हातात असताना मी तिकडे पाहिलेच नव्हते!

तेव्हा पहिली परीक्षा बेअरिंगची. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करा. एका हाताने शॉकअपचा दांडा घट्ट धरा, दुसऱ्याने चाक आडवे हलवा. खटखट लागली की बेअरिंग गेले समजा. दांडा धरायचा तो एवढ्यासाठी, की हँडलचा कोनसेट ढिला असला तरी चाक हलते, आणि माणूस भलतीच वस्तू विकत आणतो. मग चाक फिरवून कान द्या, खरखर नको. चाक काढल्यावर बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवा. बोटाला खडा लागल्यासारखे वाटले, तर दोन्ही बाजूंची बेअरिंगे बदलायची. ती ठोकून बसवणे मात्र मिस्त्रीवर सोपवा. वेडेवाकडे ठोकले तर नवे बेअरिंगही फुकट जाते.

आता ड्रमचा ब्रेक. केबल सोडवा, एक्सलचा नट काढा, एक्सल ओढा. चाक हातात येते. ब्रेकची प्लेट उचला. आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा. दोन्ही शू स्प्रिंगांसकट पुस्तकाच्या पुठ्ठ्यांसारखे दुमडून काढायचे आणि नवे तसेच बसवायचे. कॅमला ग्रीसचे बोट पुरे; लायनरला त्याचा स्पर्शही नको.

चाक परत चढवताना एक गोष्ट दहा वेळा पाहा. शॉकअपच्या दांड्याला एक उंचवटा असतो. प्लेटची खाच त्यावर बसलीच पाहिजे. ती चुकली तर ब्रेक दाबताच प्लेटच गरकन फिरते, केबल तुटते, चाक अडकते, आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

डिस्क असेल तर पॅडवरची खाच दिसेनाशी होण्याआधी पॅड बदला. बदलल्यावर लिव्हर हाताला कठीण लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, मगच गाडीवर बसा. ब्रेक-ऑइल दोन वर्षांनी नवे घाला; ते हवेतला ओलावा पिते, घाटात तापून त्यात वाफ धरते आणि ऐन वळणावर लिव्हर पोकळ जाते.

नवे लायनर लगेच पकडत नाहीत. पहिले काही दिवस गावातच हळू चालवा, शाळेच्या मैदानावर दोन-चार फेऱ्या मारून ब्रेक दाबून पाहा. महाबळेश्वर पुढच्या रविवारी.