बहात्तरचं धान्य, सोळाचं पाणी

१९६७ साली अमेरिकेत एक पुस्तक आलं. लेखक दोघे सख्खे भाऊ, विल्यम आणि पॉल पॅडॉक. एक शेतीतज्ज्ञ, दुसरा परराष्ट्र खात्यात नोकरी केलेला. पुस्तकाच्या नावातच दुष्काळाचं साल छापलेलं होतं : १९७५. लढाईतले डॉक्टर जखमींची वर्गवारी करतात, तशी या बंधूंनी भुकेल्या देशांची केली आणि भारताला ‘वाचण्यापलीकडचे’ या रांगेत नेऊन बसवलं. त्याला धान्य धाडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असा सगळा सूर. पुढच्याच वर्षी पॉल एर्लिक यांचं ‘लोकसंख्येचा बॉम्ब’ आलं. त्याची सुरुवात दिल्लीच्या एका उकडत्या रात्री टॅक्सीतून दिसलेल्या गर्दीने होते. सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं उपासमारीने मरणार, हे त्यांचं भाकीत. गर्दी बघून घाबरलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक कसं असतं, याचा तो उत्तम नमुना आहे.

या भाकितांची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. १९७२ चा दुष्काळ हा एका वर्षाचा नव्हता. आधीच्या दोन सालांनीही दगा दिला होता. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी. सरकारने गावोगावी दुष्काळी कामं काढली : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. मुलांना सुकडी मिळे. रेशनवर लाल मिलो येई. अमेरिकेत ही ज्वारी गुरांना घालत, इथे तिच्या भाकरी झाल्या. त्या भाकरीबद्दल त्या पिढीतलं कुणीही आजही चांगलं बोलत नाही. जनावरं गेली, माणसांचे अतोनात हाल झाले; पण पॅडॉक बंधूंनी रंगवली होती तशी प्रेतांची रास पडली नाही. रोजगार हमीचा कायदा पुढे याच अनुभवातून आला.

आणि धान्य? १९६६-६७ मध्ये देशात साधारण ७.४ कोटी टन पिकलं होतं. २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांहून अधिक. माणसं तिप्पटीच्या आत वाढली, धान्य चौपटीहून जास्त. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आलं. नॉर्मन बोरलॉग यांची ठेंगणी वाणं, कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांची पारख आणि कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचा हट्ट, अशी ती गाठ पडली. १७९८ मध्ये माल्थसने मांडलेलं गणित, म्हणजे तोंडं गुणाकाराने वाढतात आणि अन्न बेरजेने, निदान या पन्नास-साठ वर्षांत तरी चुकलं.

इथेच व्याख्यान संपवून टाळ्या घेता आल्या असत्या. पण मराठवाड्यातली जुनी माणसं एक वाक्य सांगतात : ‘बहात्तरला पाणी होतं, दाणा नव्हता, आता दाणा आहे, पाणी नाही.’ ते शब्दशः घेऊ नये, बहात्तरलाही विहिरींनी तळ गाठला होताच. तरी त्या वाक्यात अर्थशास्त्राचा बराच अभ्यास आहे.

कारण दाणा आला तो काही आकाशातून नाही. हे नवं बियाणं पाणी आणि खत मागतं. खतातला नत्र हवेतून ओढून घेण्याची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये दाखवली, कार्ल बॉशने तिचा कारखाना केला. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसं त्या नत्रावर जगतात, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. अलिबागजवळ थळला युरिया होतो तोही नैसर्गिक वायूपासून. म्हणजे भाकरीत वायू आहे. आणि पाणी आलं जमिनीखालून. रात्री-अपरात्री गावात बोअरची गाडी येते, बहुतेक वेळा तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडची. शेतकरी फुटाच्या भावाने पैसे मोजत उभा राहतो. शंभर-दोनशे फूट नुसती राखाडी भुकटी उडते. पाणी लागलं तर नारळ, नाही लागलं तर शेजारी दुसरा पॉइंट. जगात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे पाव हिस्सा एकटा भारत उपसतो. पावसाने भरतं त्याहून जास्त काढलं की ती शेती उत्पन्नावर न चालता मुद्दलावर चालते.

हे मुद्दल कुणी खाल्लं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या ‘जलदूत’ गाडीला दहा टाक्या होत्या, पाणी साधारण पाच लाख लिटर. त्याआधी लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. लातूर शहराची वस्ती तेव्हा चार लाखांच्या आसपास. एवढ्या माणसांच्या पिण्याला लागतं किती? पण त्याच जिल्ह्यात उसाचे फड होते आणि कारखाने होते. राज्याच्या पेरलेल्या जमिनीत उसाचा वाटा जेमतेम चार टक्के, सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून बराच अधिक. लातूरची तहान डोकी मोजून समजत नाही.

डोक्यांची गोष्ट तशीही बदलली आहे. १५ नोव्हेंबर २०२२ ला जग ८०० कोटींवर गेलं. पण वाढीचा वेग साठच्या दशकात दोन टक्क्यांच्या वर होता, तो आता एकाच्या खाली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात आकडा १०३० कोटींच्या आसपास टेकेल आणि उतरू लागेल. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे सरासरी मुलं भारतात २, महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३. मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं, पुढे त्यांच्यावर खटलेही झाले. १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं, ते बरंच झालं. कुटुंब लहान झालं ते मुली शिकल्या, जन्मलेली मुलं जगू लागली आणि साधनं हाताशी आली म्हणून. दांडक्याचं त्यात फारसं श्रेय नाही.

खप मात्र असा आपणहून कमी होत नाही. अमेरिकेतला एक माणूस भारतातल्या सुमारे सात माणसांइतका कार्बन हवेत सोडतो. तेव्हा पृथ्वीला किती माणसं झेपतील, या प्रश्नाला एक आकडा हे उत्तर देणारे शास्त्रज्ञ आणि राजकारणी दोघेही जरा जपूनच ऐकावेत. कोणत्या राहणीची माणसं, हे आधी विचारायला हवं.

याचं एक उत्तर अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दिसतं. बहात्तरनंतर हे गाव रिकामं होऊ लागलं होतं. माणसं पुण्या-मुंबईला जात. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने नियम केले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान आणि हो, नसबंदीसुद्धा. डोंगरावर चर खणले, बांध घातले. पाणी वाढलं तशी गेलेली कुटुंबं परतली, म्हणजे माणसंही वाढली आणि पाणीही. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस लावायचा नाही, हे तिथे ठरलेलं आहे. दरवर्षी पावसाचा आकडा ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात, मग रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी गव्हाचं क्षेत्र कापतात.