हुंडणावळ, हप्ता आणि नवी मोटार



कामगार संघटनेच्या माणसाने मोटारीच्या खरेदीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु मोटार आता केवळ बंगलेवाल्यांची राहिलेली नाही. वणीकडचा खाण कामगार, एस.टी.चा वाहक, शाळेतला शिक्षक, दारव्ह्याचा किराणा दुकानदार, हे सर्व आज गाडीचा विचार करतात. कोणाला म्हाताऱ्या आईला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचे असते, कोणाची ड्यूटी रात्री-अपरात्री सुटते. डिसेंबर 2025 मध्ये डॉलर 90 रुपयांच्या वर गेला, तेव्हापासून युनियनच्या कचेरीत एक प्रश्न वारंवार येऊ लागला. "भाऊ, रुपया पडला म्हणतात. गाडी आत्ताच घेऊन टाकू का थांबू?"

मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. माझे शिक्षण थोडे शाळेत आणि बाकीचे वेतनकरारांच्या कागदांवर झाले. पण हिशेब मांडायची सवय या धंद्याने लावली आहे. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम जुना इतिहास पाहू. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि 4 रुपये 76 पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. परंतु मोटार केव्हा घ्यावी हा प्रश्न तेव्हा ग्राहकापुढे नव्हताच. अँबॅसिडर किंवा फियाटसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशी ती रीत होती. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, सुमारे साडेसत्तेचाळीस हजारांत. तिचे पुष्कळसे भाग जपानहून येत. सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच बड्या राष्ट्रांनी करार केला आणि येन वधारू लागला. तोवर डॉलरला 240 च्या आसपास येन मिळत, ते 1987 अखेर 130 च्याही खाली आले. आपले लोक डॉलरकडे पाहत होते, आणि फटका बसला येनचा. मारुतीची किंमत चढली, आणि जास्तीत जास्त भाग येथल्याच कारखान्यांतून घेण्याची निकड कंपनीला भासली. पुढे जुलै 1991 मध्ये रुपया दोन टप्प्यांत 18-19 टक्क्यांनी उतरवला गेला.

यातून घ्यायचा बोध असा की, हुंडणावळीचा दर पाहण्याआधी गाडीतला किती भाग बाहेरून येतो आणि कोणत्या देशाहून येतो, हे पाहावे. नेहमीच्या लहान पेट्रोल गाडीचा बहुतेक भाग आता चाकण, गुरुग्राम, चेन्नई अशा ठिकाणीच तयार होतो. विजेच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या बॅटरीतले सेल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात, म्हणून तिला हुंडणावळीची झळ अधिक. चाकणला जुळवणी होणाऱ्या मर्सिडीजने युरो 100 रुपयांवर गेल्याचे कारण देऊन जानेवारी 2026 पासून भाववाढ जाहीर केली. तीसुद्धा 2 टक्क्यांपर्यंतच.

आता आपल्या गाडीचा हिशेब. डिसेंबर 2024 मध्ये डॉलर 85 रुपयांवर गेला होता, वर्षाने तो 90 वर गेला. म्हणजे सुमारे 6 टक्के महागला. समजा 7 लाखांच्या गाडीत पाचवा हिस्सा बाहेरचा आहे आणि कंपनीने सगळा बोजा ग्राहकावर टाकला. तरी किंमत वाढते सव्वा टक्क्याच्या आत, म्हणजे साडेआठ हजारांच्या आसपास.

याच्याशेजारी कर ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जी.एस.टी. 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा उपकर गेला. 7 लाखांच्या गाडीवर हा फरक 60 हजारांच्या घरात जातो. "भाव वाढणार" या भीतीने ऑगस्टच्या आरंभी ज्यांनी गाडी उचलली, त्यांना हे पैसे परत मिळाले नाहीत. घाटातल्या रस्त्यावर पाटी असते, अति घाई संकटात नेई. ती पाटी शोरूमच्या दारातही शोभेल.

तिसरा हिशेब कर्जाचा. 6 लाखांचे कर्ज, व्याज साडेनऊ टक्के धरू. पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे 12,600 आणि एकूण व्याज 1 लाख 56 हजार. सात वर्षांत फेडले तर हप्ता 9,800 वर येतो, माणूस खूश होतो. पण व्याज होते 2 लाख 24 हजार. म्हणजे 68 हजार जास्त. उलट, दहा महिने थांबून दरमहा 10 हजार बाजूला टाकले आणि कर्ज 5 लाखांवर आणले, तर पाच वर्षांच्या मुदतीत 26 हजार व्याज वाचते. रुपयाच्या घसरणीने वाढलेले साडेआठ हजार त्यातून भागून वर पैसे उरतात.

रुपयाच्या घसरणीची खरी झळ दुसरीकडून लागते. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. गाडी एकदाच घ्यायची असते, पेट्रोल मात्र दर आठवड्याला. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी 50 लिटर पिते. हप्त्यात हा खर्च मिळवल्यावाचून "परवडते" हा शब्द कोणी उच्चारू नये.

आणि आपल्या यवतमाळात डॉलरची बातमी एकाच तोंडाची नसते. डॉलर चढला की बाहेरचा कापूस गिरणीवाल्याला महाग पडतो, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला आधार मिळायला हवा. पण 19 ऑगस्ट 2025 पासून वर्षअखेरपर्यंत सरकारने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले, आणि तो आधार सैल झाला. मध्यम धाग्याच्या कापसाला त्या हंगामात 7,710 रुपये हमीभाव होता. तो भाव हातात पडतो चुकारा मिळाल्यावर. म्हणून ज्याचे उत्पन्न कापसावर, मग तो शेतकरी असो की दुकानदार, त्याने चुकारे हाती आल्यावर गाडीचे बघावे. पीक उभे असताना नव्हे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस एस.टी. कामगारांचे आंदोलन सुरू झाले आणि एप्रिल 2022 पर्यंत चालले. घरात पगार नव्हता, पण हप्त्याची तारीख दर महिन्याला येत होती. संप बरोबर की चूक हे मनाने ठरवायचे असते. ज्याचे दोन हप्ते थकलेले असतात, त्याच्या वतीने ते बँक ठरवते. खाजगी कारखान्यात तर हप्त्यात अडकलेला कामगार जादा पाळीला नाही म्हणू शकत नाही, सुरक्षेच्या साधनांविषयी तक्रार करायला कचरतो. मालक हे पुरते ओळखून असतात. त्यामुळे गाडीची किंमत मी रुपयांत मोजत नाही. पगार थांबला तर किती महिने तुम्ही ताठ उभे राहू शकता, त्यात मोजतो.

म्हणून विचारणाऱ्याला मी इतकेच सांगतो. सहा हप्त्यांची रक्कम आधी वेगळ्या खात्यात टाका. हप्ता आणि पेट्रोल मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. कर्जाची मुदत पाच वर्षांपलीकडे नेऊ नका. एवढे जमले आणि गाडीची गरज खरी असली, तर डॉलर 80 असो वा 95, खुशाल गाडी घ्या. घरात रोजचा रुग्ण असेल, किंवा जुन्या गाडीची दुरुस्तीच हप्त्याइतकी होत असेल, तर थांबण्यातही तोटा आहे. पण एवढे जमले नसेल, तर रुपया कितीही पडो, तुमची वेळ अजून आलेली नाही.