आलेखाची सुस्पष्टता आणि आकड्यांचा अर्थ



विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेषांच्या रूपात मांडले. तेव्हापासून आलेख हे अर्थशास्त्राचे प्रभावी साधन ठरले आहे. मात्र सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये काढलेला सुबक आलेख वर्ड प्रोसेसरमधील अहवालात नेताना अनेकदा धूसर होतो.

ही केवळ सौंदर्याची बाब नव्हे. जनगणनेनुसार भारतात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९९१ मध्ये ९२७, २००१ मध्ये ९३३ व २०११ मध्ये ९४३ होती. इंग्रजी अंकांतील तीन आणि आठ अस्पष्ट छपाईत सारखेच दिसतात. ९३३ ऐवजी ९३८ वाचले गेल्यास ६ आणि १० अशी झालेली वाढ ११ आणि ५ अशी भासते. परिणामी वेग घेणारी सुधारणा मंदावल्याचा विपरीत निष्कर्ष निघतो.

याचे कारण चित्राच्या स्वरूपात आहे. बिटमॅप चित्र ठरावीक ठिपक्यांचे असते. ते ताणले की कडा फाटतात. व्हेक्टर चित्रात रेषांची गणिती नोंद असल्याने ते कोणत्याही आकारात रेखीव राहते. म्हणून आलेख एसव्हीजी किंवा ईएमएफ स्वरूपात जतन करून दस्तऐवजात समाविष्ट करावा. ते शक्य नसल्यास पीएनजी वापरावे. इंचाला ३०० ठिपके धरल्यास सहा इंच रुंदीसाठी १,८०० ठिपके लागतात. जेपीईजी टाळावे, कारण त्यात अक्षरांच्या कडा पुसट होतात. वर्डमधील चित्र-संक्षेपणाचा पर्यायही बंद ठेवावा.

आकडे अचूक असणे जितके आवश्यक, तितकेच ते वाचकापर्यंत अचूक पोहोचणेही आवश्यक आहे.